भिंत पडली तेव्हा बाहेर कोण राहिलं? रियाधमधल्या एका कॉफी शॉपचं प्रकरण

फेब्रुवारी २०१६. सौदी अरेबियाची राजधानी रियाध. शहरातल्या स्टारबक्सच्या जरीर शाखेच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मजकूर साधारण असा : ‘कृपया महिलांनी आत येऊ नये. ऑर्डर देण्यासाठी आपल्या ड्रायव्हरला पाठवावे. धन्यवाद.’ तिथे कॉफी घ्यायला गेलेल्या एका बाईने ही गोष्ट ट्विटरवर टाकली. काही दिवसांत ती जगभरच्या वर्तमानपत्रांत आली.

कागद लागण्याचं कारण आतल्या भिंतीत होतं. पुरुषांची बाजू आणि ‘फॅमिली’ची बाजू वेगळी करणारी आडभिंत गर्दीच्या रेट्याने कोसळली, असं बातम्यांत आलं. भिंत नाही म्हणजे बायका आणि पुरुष एकाच खोलीत आले आणि नियम मोडला. मग भिंत दुरुस्त होईपर्यंत शाखेने बायकांनाच प्रवेश बंद केला. पुरुषांची कॉफी चालू राहिली.

कंपनीचा खुलासाही आला. सौदीतल्या स्थानिक प्रथेप्रमाणे आम्ही फॅमिली आणि एकट्या ग्राहकांसाठी वेगळी दारं ठेवतो, सगळ्यांना सुविधा, सेवा, मेन्यू आणि बसायची जागा समान देतो, आणि शाखेचं काम लवकरात लवकर आटोपून सगळ्यांचं पुन्हा स्वागत करू, असा त्याचा सूर होता. या प्रकरणाचा अभ्यास करण्यासारखा गाभा मला त्या ‘समान’ शब्दात दिसतो. मधली भिंत पडल्यावर दोन समान बाजूंपैकी एकच बाजू बंद का झाली?

दोन दारांचा नियम

सौदीत तेव्हा हॉटेल, कॉफी शॉप, मॉलमधलं फूड कोर्ट, कुठेही गेलात तरी दोन पाट्या दिसायच्या. एक ‘अफ्राद’, म्हणजे व्यक्ती. इंग्रजीत तिथेच ‘सिंगल्स’ लिहिलेलं असे. दुसरी ‘आइलात’, म्हणजे कुटुंबं. दार वेगळं, रांग वेगळी, बसायची जागा वेगळी. बर्गरच्या दुकानात काउंटर एकच असला तरी मधोमध एक उंच पार्टिशन असायचं. पलीकडे पुरुषांची रांग, अलीकडे बायकांची आणि कुटुंबांची. फॅमिली भागात काचांना दुधी कागद, टेबलांभोवती पडदे किंवा लाकडी आडोसे.

आपल्याकडच्या वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ ही पाटी आपण एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलांवर वाचतच मोठे झालो. लहानपणी आई आणि मावशीबरोबर तालुक्याच्या गावी गेलो की आम्हाला हमखास मागच्या फॅमिली रूममध्ये पाठवलं जायचं. हिरवा पडदा, त्याला हात पुसल्याचे तेलकट डाग, आणि पडद्याआडून आत येणारा मिसळीचा वास. मावशी खुर्चीवर बसल्यावर पहिल्यांदा पदर सैल करायची, हे मला अजून आठवतं. तो आडोसा तिला हवा होता. म्हणून वेगळी जागा म्हणजे अन्यायच, असं मी सरसकट म्हणणार नाही.

सौदीच्या नियमाची खरी अडचण शब्दांच्या व्याख्येत होती. तिथे एकटी बाई ‘फॅमिली’त मोडायची, एकटा पुरुष ‘सिंगल’. चार मैत्रिणी म्हणजे फॅमिली. चार मित्र, चौघेही लग्नाचे आणि लेकुरवाळे असले तरी सिंगल. पुरुषाला फॅमिली भागात जायचं तर सोबत घरची बाई हवी. बाईला मात्र सिंगल भागात जायची सोय कशानेच नव्हती, सोबत नवरा असला तरी नाही.

आडोशाच्या आतही निर्धास्त बसता येत होतं असं नाही. २००८ च्या फेब्रुवारीत रियाधमधल्याच एका स्टारबक्समध्ये एक अमेरिकी व्यावसायिक बाई पुरुष सहकाऱ्याबरोबर फॅमिली भागात बसली होती. ऑफिसातली वीज गेल्यामुळे दोघं तिथे काम करायला आले होते. धार्मिक पोलिसांनी, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मुतव्वां’नी, तिला अटक केली, कारण तो तिचा नातलग नव्हता.

लेडीज डबा आणि जरीरचं दार

हे प्रकरण मुंबईत कुणाला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया येते : आपल्याकडेही लेडीज डबा आहेच की. १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशलही धावते. मग फरक काय?

फरक गाडी बिघडली की कळतो. समजा एखाद्या दिवशी लेडीज डबा बंद ठेवावा लागला. बायकांची गैरसोय होईल, जनरल डब्यात चेंगरतील, चिडतील, पण ऑफिसला पोचतील. कारण जनरल डबा सगळ्यांचा आहे. लेडीज डबा ही सगळ्यांच्या गाडीत बायकांसाठी जास्तीची ठेवलेली जागा आहे.

जरीरच्या शाखेत सगळ्यांचा डबाच नव्हता. एक डबा पुरुषांचा, दुसरा बायकांचा आणि कुटुंबांचा. भिंत पडली आणि दोन्हींची मिळून एक खोली झाली, तेव्हा ती खोली कोणाची हा प्रश्न उभा राहिला आणि उत्तर आपोआप ठरलं : पुरुषांची. ते कुणी मुद्दाम ठरवलं असेल असंही मला वाटत नाही. मूळ खोली पुरुषांची आणि फॅमिली भाग तिला जोडलेला, असंच सगळे धरून चालले होते. ते मनातलं गृहीतक भिंत उभी होती तोवर दिसत नव्हतं, एवढंच.

मोठ्या साखळी दुकानाचं प्रकरण म्हणून हे गाजलं. छोट्या हॉटेलांत हीच गोष्ट रोजची होती. दोन दारं, दोन रांगा, दोन बसायच्या जागा ठेवायला जागा लागते आणि पैसा लागतो. ज्याच्याकडे एकच गाळा, त्याने काय करायचं? तो फक्त पुरुषांना घ्यायचा. कबाबाची, शवर्म्याची, चहाची किती तरी छोटी दुकानं अशी होती की तिथे बाईला आत पाऊलच टाकता यायचं नाही. त्यांच्या दारावर कागद लावायचीही गरज पडत नव्हती.

शाखेपुढे काय काय वाटा होत्या

व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण ठेवलं तर पहिला प्रश्न हाच येईल, आणि तो प्रामाणिकपणे विचारायला हवा. कारण काउंटरमागे उभा असलेला माणूस बहुधा परदेशी नोकरदार असे. दुकानाचा परवाना पालिकेच्या हातात, त्याचा स्वतःचा इकामा (राहण्याचा परवाना) कफीलच्या, म्हणजे त्याला आणणाऱ्या मालकाच्या हातात, आणि मुतव्वा तेव्हा कधीही दारात येऊ शकत असे. त्याच्याकडून क्रांतीची अपेक्षा करणं हा त्याच्यावरच अन्याय होईल.

तरीही वाटा होत्या. दुरुस्ती होईपर्यंत शाखा पूर्ण बंद ठेवता आली असती, तोटा पुरुष आणि बायका दोघांनी सोसला असता. कापडी पडदे लावून तात्पुरता आडोसा करता आला असता, तिथल्या हॉटेलांत पडदे काही नवे नव्हते. सकाळ पुरुषांना, संध्याकाळ कुटुंबांना, अशा वेळा वाटता आल्या असत्या. किंवा उलट करता आलं असतं : काही दिवस शाखा फक्त फॅमिलीसाठी उघडी, पुरुषांनी पार्सल न्यावं.

ही शेवटची वाट वाचून अनेकांना ती ताणलेली वाटेल. मलाही लिहिताना क्षणभर वाटली. पण पुरुषांना काही दिवस पार्सल न्यायला सांगणं ताणलेलं आणि बायकांना ड्रायव्हर पाठवायला सांगणं व्यवहार्य, असं का वाटावं? हा प्रश्न रियाधच्या त्या शाखेइतकाच माझ्या-तुमच्या सवयींनाही लागू आहे.

मॉलच्या दारात मात्र अडवला जायचा मुलगा

आता याच नियमाची दुसरी बाजू, कारण ती सोडली तर प्रकरण अर्धवट समजतं. कॉफीच्या दुकानात बाईचं दार बंद झालं, पण रियाधच्या मॉलच्या मुख्य दारात वर्षानुवर्षं अडवला गेला तो तरुण मुलगा.

रियाधचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. सिनेमागृहं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१८ पर्यंत नव्हती. संध्याकाळी पाय मोकळे करायला, चार माणसं बघायला एसी मॉल हीच जागा. आणि गर्दीच्या वेळी, विशेषतः तेव्हाच्या गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला, दारातला गार्ड एकट्या पुरुषांना आत सोडत नसे. ‘फॅमिली ओन्ली.’ आई किंवा बहीण सोबत असेल तर या. कारण सांगितलं जायचं ते छेडछाडीचं. पोरं बायकांच्या मागे लागतात, चिठ्ठीवर फोन नंबर टाकतात, अशा तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

पण त्रास देणाऱ्याला पकडण्याऐवजी सगळ्याच पोरांना दाराबाहेर ठेवायचं, हा उपाय झाला. २०१२ च्या मार्चमध्ये रियाधचे गव्हर्नर प्रिन्स सत्ताम यांनी तो थांबवला आणि एकट्या पुरुषांना मॉलमध्ये येऊ द्यावं असे आदेश दिले. त्याच वर्षी जानेवारीत धार्मिक पोलिसांच्या प्रमुखपदी आलेले अब्दुललतीफ अल अश-शेख तुलनेने मवाळ मानले जात.

म्हणजे एकाच शहरात एकच नियम एका दारात बाईला अडवतो आणि दुसऱ्या दारात मुलाला. यावर ‘बघा, दोघांनाही सारखाच जाच होता’ असं म्हणून हिशेब मिटवणारे भेटतात. मला तो हिशेब पटत नाही. मुलाला अडवलं जायचं ते तो दुसऱ्याला त्रास देईल म्हणून. बाईला अडवलं जायचं ते तिच्या नुसत्या असण्याने नियम मोडतो म्हणून.

आतल्या दुकानात

मॉलमध्ये शिरल्यावरही प्रकरण संपत नसे. बायकांच्या कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूम नसायची. विक्रेते पुरुष, आणि पुरुषांच्या दुकानात बाईने कपडे बदलायचे नाहीत, म्हणून ट्रायल रूमच नाही. मग बाई अंदाजाने ड्रेस घ्यायची, पैसे भरायची, पावती पर्समध्ये ठेवायची आणि पिशवी घेऊन मॉलच्या लेडीज टॉयलेटमध्ये जायची. ओल्या फरशीवर चपला काढून उभं राहायचं, अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, दाराच्या खुंटीला, ड्रेसचं टोक पाण्याला लागू नये म्हणून एका हाताने वर धरलेलं, आणि बाहेर दुसरी बाई दार वाजवते आहे. बसला नाही की परत दुकानात, पैसे परत किंवा दुसरा साइज, आणि पुन्हा तीच चक्कर.

अंतर्वस्त्रांच्या दुकानात तर काउंटरमागेही पुरुषच. बायकांना बाहेर परक्या पुरुषाशी बोलण्याची मनाई असलेल्या समाजात आतल्या कपड्यांचं माप मात्र परक्या पुरुषाला सांगावं लागे. ही विसंगती जेद्दाहच्या एका कॉलेजात अर्थशास्त्रीय विषय शिकवणाऱ्या रीम असाद यांनी लावून धरली. २००९ च्या सुमारास त्यांनी अशा दुकानांवर बहिष्काराची मोहीम चालवली. बायकांना विक्रेत्या म्हणून नेमण्याचा नियम २००६ पासून कागदावर होता, अंमल शून्य होता. २०११ च्या जूनमध्ये राजे अब्दुल्ला यांचा हुकूम निघाला आणि २०१२ च्या जानेवारीपासून अंतर्वस्त्रांच्या दुकानांत बायकाच विक्रेत्या असतील हे सक्तीचं झालं. काही महिन्यांनी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांचा नंबर लागला.

इथे मोहीम चालवणाऱ्या बायकांची हुशारी पाहण्यासारखी आहे. त्यांनी नियमाला नियमानेच उत्तर दिलं. वेगळेपणा एवढा महत्त्वाचा असेल तर काउंटरमागे बाई हवी, असं म्हटल्यावर कर्मठांकडे सोपं उत्तर उरलं नाही. हजारो सौदी बायकांना पहिल्यांदा मॉलमध्ये नोकरी मिळाली ती अशी. आणि त्या मॉलमध्ये आल्या तशी भिंतही मागोमाग आली : २०१३ च्या सुरुवातीला ज्या दुकानांत बाई आणि पुरुष दोघं काम करतात तिथे मध्ये किमान १.६ मीटर उंचीचं पार्टिशन हवं, असं फर्मान निघालं. १.६ मीटर म्हणजे सव्वापाच फूट, साधारण उभ्या बाईच्या डोक्याइतकं.

फक्त बायकांची म्हणून बांधलेली जागा कशी असते याचा नमुनाही रियाधमध्येच होता. ३०२ मीटर उंचीच्या किंगडम सेंटरच्या मॉलमध्ये एक मजला पूर्ण बायकांचा. विक्रेत्या, ग्राहक, कॉफी देणाऱ्या, सगळ्या बायका. तिथे अबाया काढून फिरता यायचं. अनेकींना तो मजला मनापासून आवडायचा, आणि का आवडू नये? खालचे मजलेही त्यांना खुले होते. मी वर म्हटलेला लेडीज डबा हाच.

‘ड्रायव्हरला पाठवा’

कागदावरच्या त्या वाक्यात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल जगभरच्या बातम्यांत कुणी फारसं लिहिलं नाही. ड्रायव्हर.

सौदीत बायकांना २४ जून २०१८ पर्यंत गाडी चालवता येत नव्हती. ऐपत असलेल्या घरी पगारी ड्रायव्हर असे, आणि तो बहुतेक वेळा दक्षिण किंवा आग्नेय आशियातून आलेला. ज्या बाईकडे ड्रायव्हर नव्हता, जी टॅक्सीने आली होती किंवा जिला भावाने सोडलं होतं, तिच्यासाठी त्या कागदावर काहीच नव्हतं. तिची कॉफी टॅक्सीवाला आणणार होता का?

आणि तो ड्रायव्हर स्वतः? सौदीत भारतीयांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली किती तरी घरं तिथल्या पगारावर उभी आहेत. कोकणात गल्फवरून परतलेल्या माणसांशी बोलायला बसलं की दोन शब्द हमखास येतात : ‘बॅचलर’ आणि ‘फॅमिली’. गावाकडे बायको, तीन मुलं, म्हातारी आई, सगळं असूनही तिकडे तो बॅचलर. बायकोला नेण्याचा व्हिसा त्याच्या कामाला आणि पगाराला मिळत नाही, म्हणून बॅचलर कॅम्प, बॅचलर रूम, आणि तेव्हा हॉटेलात बॅचलर साइड, मॉलच्या दारात बॅचलर म्हणून परत. सौदी तरुणाला निदान बहिणीला सोबत नेता यायचं. याची बहीण म्हसळ्याला.

आमच्या ओळखीतले एक चाचा बरीच वर्षं तिकडे घरगुती ड्रायव्हर होते. मॉलबद्दल विचारलं तर त्यांनी पार्किंगचं वर्णन केलं. कोणत्या बाजूला सावली असते, नमाजाच्या वेळी दुकानं बंद झाली की मॅडम किती मिनिटं उशिरा येणार, एसी चालू ठेवला तर मालक पेट्रोलवरून काय म्हणतो. आतलं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. कुटुंबाला पोचवणं हे त्यांचं काम, आणि कुटुंब ही व्याख्या त्यांना बाहेर ठेवणारी. त्यांना ‘बॅचलर’ या शब्दाचा राग होता, तो मी समोर पाहिला. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या गेटवर ‘बॅचलरला जागा मिळणार नाही’ ऐकलेल्या मुलांना तो राग ओळखता येईल.

पुढे काय झालं

जरीरची शाखा भिंत पुन्हा उभी करून सगळ्यांसाठी सुरू झाली. म्हणजे प्रश्न सुटला तो भिंत परत बांधून. पण आसपासचं वारं बदलत होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धार्मिक पोलिसांचे अटकेचे आणि पाठलागाचे अधिकार मंत्रिमंडळाने काढून घेतले. दोन आठवड्यांतच ‘व्हिजन २०३०’ हा सरकारचा आर्थिक बदलांचा आराखडा जाहीर झाला. त्यात कमावत्या बायकांचं प्रमाण २२ वरून ३० टक्क्यांवर आणि कुटुंबांचा करमणुकीवरचा खर्च २.९ वरून ६ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट होतं. हे आकडे दोन दारांच्या नियमाशेजारी ठेवून वाचायला हवेत. बायकांनी नोकरी करावी आणि कुटुंबांनी बाहेर खर्च करावा असं सरकारला वाटत असेल, तर किती तरी छोट्या हॉटेलांत बायकांना बंदी आणि उरलेल्यांत प्रत्येक मालकाला दुप्पट बांधकाम, हे परवडणारं नव्हतं. १९७९ मध्ये मक्केच्या मशिदीचा ताबा सशस्त्र बंडखोरांनी घेतल्यानंतर कर्मठांना दिलेली मोकळीक आता अर्थकारणाच्या आड येत होती.

८ डिसेंबर २०१९ ला नगरपालिका आणि ग्रामीण कामकाज मंत्रालयाने हॉटेलांच्या बांधकामविषयक अटींची सुधारित यादी काढली. त्या तांत्रिक यादीतच एक ओळ होती : एकट्यांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी दारं ठेवण्याची सक्ती यापुढे नाही. जेद्दाहच्या आणि रियाधच्या काही महागड्या ठिकाणी लोक आधीच एकत्र बसू लागले होते, त्यावर कागदाने शिक्कामोर्तब केलं.

या आदेशाने सक्ती काढली, मनाई केली नाही. ज्याला दोन दारं ठेवायची असतील तो ठेवू शकतो. मला हा भाग योग्य वाटतो, फक्त एका अटीवर : दोनपैकी एक दार सगळ्यांचं असलं पाहिजे. ती अट आदेशात नव्हती. एक गाळा असलेला मालक आता बायकांना आत घेऊ शकतो, घ्यायलाच हवं असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि बॅचलर कॅम्पमधल्या माणसाचा कुटुंबाचा व्हिसा हा नगरपालिकांच्या मंत्रालयाचा विषयच नाही. हॉटेलच्या दारावरची पाटी उतरली तरी त्याच्या रूमवरची तशीच आहे.